एक ‘रन’ आणि अनेक शब्दकोश: कोणता घ्यावा?

इंग्रजी शब्दकोश घ्यायला गेलात तर दुकानात अवघड शब्द शोधत बसू नका. लांबलचक शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो आणि तो कुठलाही कोश बरोबर देतो. कोशाचा कस लागतो तो तीन अक्षरी, रोजच्या शब्दांवर: सेट, पुट, गेट, रन. इथे ‘रन’ घेऊन निरनिराळ्या प्रकारचे कोश पारखले आहेत. कसोटीची वाक्यं आठ:

‘हर नोज इज रनिंग.’ ‘द कलर्स रॅन इन द वॉश.’ ‘शी रन्स अ बेकरी.’ ‘द लीज रन्स टिल मार्च.’ ‘रन मी अ बाथ.’ ‘द कॉस्ट रन्स इनटू क्रोर्स.’ ‘वी आर रनिंग लो ऑन शुगर.’ ‘शी इज रनिंग फॉर मेयर.’

मराठीत नाक गळतं, रंग सुटतो, बेकरी चालवतात, भाडेकरार मार्चपर्यंत असतो, टबात पाणी सोडतात, खर्च कोटींच्या घरात जातो, साखर संपत येते आणि महापौरपदासाठी उभं राहतात. आठ वाक्यांत आठ वेगळे प्रयोग, आणि ‘धावणे’ एकातही नाही. म्हणून जो कोश ‘रन म्हणजे धावणे, पळणे’ इथे थांबतो, त्याचा शिकणाऱ्याला उपयोग नाही.

नेमका इथेच खिशात मावणारा इंग्रजी–मराठी कोश अडखळतो. ‘धावणे, पळणे, वाहणे, चालणे, चालवणे’ अशी माळ मिळते आणि मध्ये फक्त स्वल्पविराम. यातला कोणता शब्द कधी वापरायचा, हे तो स्वल्पविराम सांगत नाही. ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ यांतला फरक इंग्रजीत कर्मावरून ठरतो: ‘द मशीन रन्स’ म्हणजे यंत्र चालतं, ‘शी रन्स द मशीन’ म्हणजे ती ते चालवते. क्रियापदाचं रूप तेच राहतं, फक्त पुढे कर्म येतं. ही गोष्ट ज्या कोशात नोंदलेली नाही, त्यावर विसंबलेला विद्यार्थी ‘रन’ला कर्म द्यायलाच बिचकतो. ‘रन आउट’चं वेगळंच होतं. क्रिकेटमुळे ‘धावबाद’ आपल्या तोंडात इतका बसला आहे की ‘वी हॅव रन आउट ऑफ गॅस’ या वाक्यात सिलिंडर संपल्याचं चटकन लक्षात येत नाही.

द्विभाषिक कोशांतला एक मात्र जपून ठेवण्यासारखा आहे: मोल्सवर्थ यांनी सुरू केलेला आणि टॉमस कँडी यांनी पुरा केलेला १८४७चा इंग्रजी–मराठी कोश. इंग्रजी शिकायला तो जुना झाला, कारण संगणकावरचा प्रोग्राम ‘रन’ होणं त्या काळात असणार कुठून? पण भाषांतर करणाऱ्याने मराठी क्रियापदांचा साठा म्हणून तो चाळावा. आणि एका शब्दाला इतके अर्थ कसे फुटतात हे आपल्या भाषेत पाहायचं असेल, तर मोल्सवर्थ यांच्या १८५७च्या मराठी–इंग्रजी कोशात ‘लागणे’ काढा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, लग्न लागतं, नोकरी लागते, वेळ लागतो. इंग्रज माणसापुढे ‘लागणे’ जसं उभं राहतं, तसाच आपल्यापुढे ‘रन’ उभा असतो. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थ फुकट पाहता येतो.

दुसऱ्या टोकाला ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, म्हणजे ओईडी. १९८९ची दुसरी आवृत्ती २० खंडांची. तिच्यात सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती, सुमारे ४३० अर्थांची. पुढे नव्याने संपादन सुरू झालं आणि ‘रन’ पुढे गेला: क्रियापदाचे ६४५ अर्थ. पीटर गिलिव्हर या संपादकाने त्या एका शब्दावर नऊ महिने घालवले. आकडा इतका का फुगला, याचं मोठं कारण यंत्रयुगात आहे. घड्याळ, आगगाडी, कारखाना, इंजिन, प्रोग्राम, सगळं इंग्रजीत ‘रन’ होतं, आणि प्रत्येक नव्या यंत्राबरोबर शब्दाला नवी फांदी फुटत गेली.

काम म्हणून ओईडीला तोड नाही, पण रोजच्या वापरासाठी तो घेऊ नका. त्यात अर्थ इतिहासक्रमाने लावलेले असतात, जुना आधी आणि नवा नंतर. आठ वाक्यांतलं ‘रनिंग लो’ शोधायला बसलात तर शेकडो वर्षांच्या वापरातून वाट काढावी लागते. शिवाय ऑनलाइन ओईडीला वर्गणी पडते. महाविद्यालयात असाल तर ग्रंथालयाने ती भरली आहे का, हे आधी विचारा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांची सोय जास्त चांगली आहे: तिथल्या पुष्कळ सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्डावर ओईडी घरबसल्या फुकट उघडतो.

शिकणाऱ्यासाठी पहिली पसंती ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी, २०२०ची दहावी आवृत्ती. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना रचलेल्या आणि १९४२मध्ये तिथेच छापल्या गेलेल्या कोशातून हा वाढला, म्हणजे परक्या भाषिकाची अडचण याच्या मुळातच आहे. ‘रन’च्या नोंदीत अर्थांच्या गटांवर छोटे मथळे आहेत: पायी धावणं, व्यवस्थापन, बस-रेल्वे, द्रव, रंग. तुमच्या वाक्यात नाक आहे की बेकरी, एवढं ठरवा आणि फक्त मथळे वाचत खाली या. मथळा सापडला की मगच व्याख्या वाचा. पहिल्या अर्थापासून क्रमाने वाचत जाणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. माणूस पाचव्या अर्थाला कंटाळतो आणि जवळपासचं काहीतरी धरून पुढे जातो.

त्यानंतर कर्माची खूण पाहा. संकेतस्थळावर ‘ट्रान्झिटिव्ह’ (सकर्मक) किंवा ‘इन्ट्रान्झिटिव्ह’ (अकर्मक) असं पूर्ण लिहिलेलं असतं, छापील कोशात ‘टी’ आणि ‘आय’ ही अक्षरं. ‘रनिंग लो’ मात्र ‘लिंकिंग व्हर्ब’ म्हणून वेगळं काढलं आहे, कारण तिथे ‘रन’पुढे विशेषण येतं. हा बारकावा साध्या द्विभाषिक कोशात सहसा मिळत नाही, आणि स्वतःचं वाक्य रचायचं असेल तर तोच लागतो.

फ्रेजल व्हर्ब, म्हणजे ‘डाउन’, ‘इनटू’ असे छोटे शब्द जोडून झालेली क्रियापदं, नोंदीच्या शेवटी एकत्र दिलेली असतात. तिथे दोन्हीकडे टोक असलेला एक छोटा बाण शोधा. ‘रन डाउन’मध्ये तो कर्म आणि ‘डाउन’ यांच्या मध्ये आहे, म्हणजे कर्म ‘डाउन’च्या आधी ठेवा किंवा नंतर, दोन्ही चालतं. ‘रन इनटू’मध्ये बाण नाही, म्हणजे कर्म ‘इनटू’च्या पुढेच यायला हवं. एवढ्याशा खुणेवर वाक्य बरोबर की चूक हे ठरतं, आणि पुष्कळ जण वर्षानुवर्षं कोश वापरूनही तिच्याकडे बघत नाहीत.

इथेच एक अडचण सांगायला हवी. वाक्प्रचार बहुतेक ‘रन’खाली नाहीत. ‘रन रायट’ हे ‘रायट’खाली, ‘रन इन द फॅमिली’ हे ‘फॅमिली’खाली. नोंदीत तशी सूचना आहे, पण बारीक आहे. मधुमेह घराण्यात आहे असं सांगणारं वाक्य ‘रन’खाली शोधून सापडलं नाही, तर कोशाला दोष देण्याआधी त्यातल्या नामाखाली पाहा. छापील कोशात यामुळे पानं उलटावी लागतात. संकेतस्थळावर दुवा असतो, तिथे त्रास नाही. संकेतस्थळ फुकट आहे, जाहिराती मात्र सोसाव्या लागतात. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकायला मिळतात.

केंब्रिजचं संकेतस्थळही फुकट, आणि घाईच्या वेळी तेच बरं. प्रत्येक अर्थाआधी एक-दोन शब्दांची पाटी असते, आणि पुष्कळ अर्थांवर ए-वन (सगळ्यांत सोपी), बी-टू (त्याहून वरची) अशी पातळी दिलेली असते. शिक्षकांनी ती जरूर वापरावी: आधी खालच्या पातळीचे अर्थ घ्या, सातवीच्या मुलाला एका दिवसात सगळे अर्थ पाजू नका. लाँगमन कोशाच्या व्याख्या सुमारे २,००० सोप्या शब्दांत लिहिलेल्या असतात. एका शब्दाचा अर्थ कळायला दुसरे चार शब्द शोधावे लागणाऱ्यांनी तोच घ्यावा. कॉलिन्सचा कोबिल्ड कोश १९८७पासून पूर्ण वाक्यात व्याख्या देतो, त्यामुळे क्रियापदाचा कर्ता माणूस आहे, यंत्र आहे की नदी, हे व्याख्येतच कळतं. पण पूर्ण वाक्यं असल्याने लांब नोंद वाचायला वेळ लागतो.

भौगोलिक खूणही नजरेआड करू नका. निवडणुकीला उभं राहणं अमेरिकेत ‘रन’, ब्रिटनमध्ये बहुधा ‘स्टँड’. पायमोज्याची वीण उसवली तर अमेरिकेत ‘रन’, ब्रिटनमध्ये ‘लॅडर’. चांगला कोश हे नोंदवतो. परीक्षा किंवा नोकरी कुठल्या देशातली आहे, त्यानुसार शब्द निवडा.

छापील प्रत घेत असाल तर पैसे देण्याआधी ‘रन’चं पान उघडा. स्वस्तात विकल्या जाणाऱ्या नकली प्रतींमध्ये शाई फिकी असते आणि कागदातून मागचं पान दिसतं. अशा प्रतीत व्याख्या कशीबशी वाचता येते, पण उच्चारातल्या आघाताची रेघ आणि तो दुहेरी बाण पुसट होतात. बाण हातभर अंतरावरून स्पष्ट दिसला तरच प्रत घ्या.