व्हीएस कोड आणि गिट सर्व्हर: एचटीटीपीएसने जोडावं की एसएसएचने?

टर्मिनलमधून पुश (आपले बदल सर्व्हरवर पाठवणं) सुरळीत होतं, पण व्हीएस कोड या एडिटरमधलं सिंकचं बटण दाबलं की चक्र फिरतच राहतं. अशा वेळी बहुतेक जण एडिटरलाच दोष देतात. पण व्हीएस कोड सर्व्हरशी स्वतः बोलत नाही. मशीनवर बसवलेलं गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, 2.0 किंवा त्यापुढचं) तो पडद्यामागे चालवतो आणि त्याचं आउटपुट वाचून फाइलींची यादी रंगवतो. टर्मिनलमध्ये गिटने काही विचारलं तर समोर माणूस बसलेला असतो. पडद्यामागे चाललेल्या गिटला उत्तर द्यायला कुणी असेलच असं नाही.

म्हणून सर्व्हरशी जोडायच्या दोन वाटांपैकी एचटीटीपीएस (वेबसाइटची नेहमीची सुरक्षित वाट) की एसएसएच (किल्लीने ओळख पटवणारी वाट) हे ठरवताना ‘जास्त सुरक्षित कोणतं’ इथून सुरुवात करू नका. गिटने ओळख विचारली तर तुमच्या मशीनवर उत्तर कोण देणार, हे आधी पाहा. ते ठरलं की बाकीचं सोपं होतं.

एचटीटीपीएस: उत्तर देतो क्रेडेन्शियल हेल्पर

कोड ठेवण्याची सेवा असलेल्या गिटहबने 13 ऑगस्ट 2021 पासून गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलं. तेव्हापासून तिथे एचटीटीपीएस म्हणजे टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी लांबलचक गुप्त अक्षरमाला. हे टोकन हाताने चिकटवत बसायचं नसतं, ते क्रेडेन्शियल हेल्परने (गिटसाठी ओळखीची माहिती जपणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) सांभाळायचं. विंडोजवर ‘गिट फॉर विंडोज’सोबत गिट क्रेडेन्शियल मॅनेजर येतो. तो ब्राउझर उघडून लॉगिन करून घेतो, टू-फॅक्टरही त्यातच होतं आणि टोकन विंडोजच्या तिजोरीत जातं. मॅकवर कीचेन आहे, लिनक्सवर लिबसीक्रेट. ‘स्टोअर’ नावाचा हेल्पर मात्र टाळा, कारण तो टोकन साध्या मजकुरात फाइलमध्ये लिहून ठेवतो. ‘कॅश’ हेल्पर डिफॉल्टने 15 मिनिटांनी सगळं विसरतो, त्यामुळे दिवसभर उघड्या राहणाऱ्या एडिटरला तो पुरत नाही.

या वाटेचा मोठा फायदा नेटवर्कचा आहे. पोर्ट 443 जवळजवळ सगळीकडे उघडं असतं आणि ऑफिसच्या प्रॉक्सीतून (इंटरनेटची रहदारी जिथून जाते त्या मधल्या सर्व्हरमधून) जाणंही जमतं. टोकनचे अधिकार आखता येतात हा दुसरा फायदा. गिटहबचं फाइन-ग्रेन्ड टोकन ठरावीक रेपोंपुरतं (रेपो म्हणजे एका प्रकल्पाचा कोडसाठा) आणि ठरावीक परवानग्यांपुरतं देता येतं. खात्याला जोडलेली एसएसएच किल्ली त्या खात्याला दिसणारे सगळे रेपो उघडते. ‘एसएसएचच सुरक्षित’ असं सरसकट सांगणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यायला हवा.

त्रास तीन ठिकाणी होतो. पहिला मुदतीचा. गिटहबसारख्याच गिटलॅबमध्ये मे 2023 च्या 16.0 आवृत्तीपासून बिनमुदतीची टोकन गेली आणि कमाल मुदत 365 दिवसांवर आली. टोकन संपतं त्या दिवशी एडिटर अचानक नकार दाखवतो, म्हणून ती तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

दुसरा त्रास एकाच सर्व्हरवर दोन खाती असली की होतो. सर्व्हरने 401 (ओळख पटली नाही) दिला तर गिट हेल्परला जुनी नोंद पुसायला सांगतं, 403 (परवानगी नाही) वर सांगत नाही. त्यामुळे ऑफिसच्या रेपोवर घरच्या खात्याचं टोकन गेलं की नकार येतो आणि नोंद जागीच राहते. पुन्हा प्रयत्न केला तरी तेच टोकन जातं. यावर गिटच्या कॉन्फिगमध्ये ‘क्रेडेन्शियल’ विभागात ‘यूज एचटीटीपी पाथ’ चालू करा, म्हणजे प्रत्येक रेपोची नोंद वेगळी राहते.

तिसरा आणि सगळ्यात चिवट त्रास सर्टिफिकेटचा. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र. कंपनीने ते स्वतःच्याच सर्टिफिकेट ऑथॉरिटीकडून देऊन आपल्या सर्व्हरवर गिटलॅब किंवा त्यासारखं गिटी (Gitea) चालवलेलं असतं आणि गिट ते नाकारतं. एसएसएल तपासणी बंद करण्याचा सल्ला इथे हमखास मिळतो. तो कृपा करून मानू नका. तपासणी बंद केली की मधला कुणीही तुमचा सर्व्हर असल्याचं भासवून टोकन घेऊ शकतो. विंडोजवर गिटचा एसएसएल बॅकएंड ‘एसचॅनल’ करा, म्हणजे आयटी विभागाने विंडोजमध्ये टाकलेलं सर्टिफिकेट गिटलाही चालतं. मॅक-लिनक्सवर सर्टिफिकेटची फाइल कॉन्फिगमध्ये दाखवून द्या, तीही त्या एकाच सर्व्हरपुरती. हे सगळं केल्यावर पुल चालतं, पण एडिटरमधली मर्ज रिक्वेस्टची (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंत्यांची) यादी मात्र रिकामीच, असं दिसलं तर गोंधळू नका. ती यादी आणणारी एक्स्टेन्शन (एडिटरमधली जोड-साधनं) गिटमधून जात नाहीत. ती नोड (जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) वर चालतात आणि गिटच्या सर्टिफिकेट सेटिंगशी त्यांचा संबंध नसतो.

सर्व्हर तुमच्याच हातात असेल तर आणखी एक गोष्ट. गिट सर्व्हरच्या पुढे बऱ्याचदा असणाऱ्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये विनंतीच्या आकाराची डिफॉल्ट मर्यादा 1 एमबी असते. मोठा पुश केला की 413 (विनंती फार मोठी) येतो आणि एडिटर नुसतं ‘पुश अयशस्वी’ सांगतो. मग गिटचा पोस्ट बफर वाढवायचा सल्ला मिळतो. पुशच्या बहुतेक अडचणींवर हा उपाय नाही, असं गिटच्या दस्तऐवजातच लिहिलेलं आहे. मर्यादा एनजिनएक्समध्येच वाढवायला हवी.

एसएसएच: उत्तर देतो एजंट

एसएसएचमध्ये खाजगी किल्ली तुमच्या मशीनवर राहते आणि सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर. नवी बनवताना ईडी25519 प्रकारची बनवा. 2014 च्या ओपनएसएसएच 6.5 पासून ती आहे, त्यामुळे न चालणारा सर्व्हर आता क्वचितच भेटतो. किल्लीला पासफ्रेज (तिचा पासवर्ड) द्या आणि ती एजंटमध्ये, म्हणजे उघडलेली किल्ली मेमरीत सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये, चढवा. एजंट चालू असला की एडिटरला काही विचारावंच लागत नाही. एकदा नीट बसलेली ही जोडणी विनातक्रार चालते. मला व्यक्तिशः हीच आवडते.

‘नीट बसलेली’ हे मात्र महत्त्वाचं. विंडोजवर दोन एसएसएच असतात, एक गिट फॉर विंडोजचं आणि एक विंडोजचं स्वतःचं. विंडोजची एजंट सेवा डिफॉल्टने बंद असते. ती चालू करून पॉवरशेलमधून किल्ली चढवली तरी गिट आपलं स्वतःचं एसएसएच वापरतं आणि त्याला तो एजंट दिसत नाही. गिटच्या ‘कोर एसएसएच कमांड’ या सेटिंगमध्ये विंडोजच्या एसएसएचचा मार्ग दिला की हे मिटतं. लिनक्सवर याचं वेगळं रूप दिसतं. एका टर्मिनलमध्ये हाताने सुरू केलेला एजंट आयकॉनवरून उघडलेल्या एडिटरला सापडत नाही.

हार्डवेअर की (मशीनला जोडायची छोटी सुरक्षा-किल्ली) वापरत असाल तर ऑटोफेचकडे, म्हणजे सर्व्हरवरचे नवे बदल आपोआप आणण्याच्या सोयीकडे, लक्ष द्या. ते चालू केलं की एडिटर डिफॉल्टने दर 180 सेकंदांनी सर्व्हरकडे जातो. स्पर्श मागणारी की असेल तर दर तीन मिनिटांनी ती लुकलुकणार, आणि हात लावला नाही तर फेच अयशस्वी. दोन्हींपैकी एकच ठेवा. मी की ठेवीन आणि ऑटोफेच बंद करीन.

नवा सर्व्हर असेल तर पहिली जोडणी टर्मिनलमधूनच करा. टर्मिनलमध्ये दिसणारा होस्ट-कीचा (सर्व्हरच्या स्वतःच्या किल्लीचा) ठसा सर्व्हरने जाहीर केलेल्या ठशाशी ताडून पाहा आणि मगच ‘यस’ म्हणा. हा ठसा कधीकधी रास्त कारणानेही बदलतो. आरएसए (किल्लीचा एक जुना प्रकार) होस्ट-की थोड्या वेळासाठी उघड झाल्यामुळे गिटहबने 24 मार्च 2023 रोजी ती बदलली आणि आरएसएने जोडणाऱ्यांना इशारा दिसू लागला. इशारा आला की नोंद डोळे मिटून पुसू नका, आधी ठसा ताडा.

जुन्या सर्व्हरवर अडचण उलट्या बाजूने येते. सप्टेंबर 2021 च्या ओपनएसएसएच 8.8 ने शा-1 या जुन्या, आता कमकुवत मानल्या जाणाऱ्या पद्धतीवर आधारलेल्या आरएसए सह्या डिफॉल्टने बंद केल्या. त्यामुळे लॅपटॉप अपडेट झाला की कपाटातला जुना सर्व्हर ‘चालेना’ होतो. सर्व्हर अपडेट करणं हा खरा उपाय. तोवर एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये फक्त त्या होस्टपुरती सूट द्या.

पोर्ट 22 अडवलेलं असेल तर गिटहब आणि गिटलॅब दोघांनीही 443 वर एसएसएचची सोय दिलेली आहे. पण रहदारी उघडून तपासणाऱ्या प्रॉक्सीसमोर तीही टिकेल याची खात्री नाही. तिथे हट्ट न करता एचटीटीपीएस घ्या.

निवड करताना

ऑफिसचा विंडोज लॅपटॉप, प्रॉक्सी, सिंगल साइन-ऑन (सगळीकडे कंपनीचं एकच लॉगिन) असं असेल तर एचटीटीपीएस आणि क्रेडेन्शियल मॅनेजर. स्वतःचं मॅक किंवा लिनक्स मशीन, मोकळं नेटवर्क आणि वर्षानुवर्षं तोच सर्व्हर असेल तर एसएसएच. कंटेनरमध्ये (मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या बंदिस्त वातावरणात) काम करणाऱ्यांना दोन्ही चालतात. डेव्ह कंटेनर एक्स्टेन्शन होस्टचा क्रेडेन्शियल हेल्पर आत पोचवतं आणि एजंट चालू असेल तर तोही. विंडोजमधल्या डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) मी एचटीटीपीएस घेईन, कारण तिथून विंडोजचाच क्रेडेन्शियल मॅनेजर बोलावता येतो आणि किल्ल्यांचा दुसरा संच सांभाळावा लागत नाही.

एसएसएच निवडलं तरी टोकनपासून पूर्ण सुटका होत नाही. पुल रिक्वेस्ट (गिटहबवर मर्ज रिक्वेस्टचं नाव) एडिटरमध्ये पाहायच्या तर एक्स्टेन्शनला लॉगिन किंवा टोकन लागतंच. गिट एलएफएसच्या (मोठ्या फाइली वेगळ्या साठवणाऱ्या गिटच्या जोडसाधनाच्या) फाइलीसुद्धा रिमोट (सर्व्हरवरच्या रेपोचा पत्ता) एसएसएचचा असला तरी सहसा एचटीटीपीएसवरूनच येतात. डिझाइनच्या फाइली असलेल्या टीमने आधीच दोन्ही वाटा तपासून घ्याव्यात.

टीममध्ये दोन्ही पद्धती वापरणारे लोक असतील तर सबमॉड्यूलचे (रेपोच्या आत जोडलेल्या दुसऱ्या रेपोंचे) पत्ते आधी पाहा. तिथे एसएसएचचा पत्ता लिहिलेला असला की एचटीटीपीएसवाल्यांचं क्लोन (रेपोची प्रत उतरवणं) अर्धवट राहतं. एकाच सर्व्हरवरच्या सबमॉड्यूलना सापेक्ष पत्ता (मुख्य रेपोच्या पत्त्यावरून ठरणारा) द्या, म्हणजे मुख्य रेपो ज्या वाटेने आला त्याच वाटेने तेही येतील. दुसऱ्याचा रेपो बदलता येत नसेल तर आपल्या गिट कॉन्फिगमध्ये ‘इन्स्टेड ऑफ’ची ओळ टाका. गिट तो पत्ता आपोआप तुमच्या पद्धतीत बदलून घेतं आणि एडिटरही तेच कॉन्फिग वाचणारं गिट चालवत असल्याने तिथे वेगळं काही करावं लागत नाही.

कुठलीही वाट घेतलीत तरी अडलं की व्हीएस कोडचं आउटपुट पॅनल उघडून त्यात ‘गिट’ निवडा. एडिटरने चालवलेली प्रत्येक आज्ञा तिथे दिसते. तीच आज्ञा टर्मिनलमध्ये चालवा. तिने काही विचारलं, तर त्या प्रश्नाला उत्तर देणारा हेल्पर किंवा एजंट अजून जागेवर नाही. काही न विचारता काम झालं, तर एडिटर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, कारण एजंटचा पत्ता त्याला सुरू होतानाच मिळतो.