इंदूरजवळच्या जानापाव डोंगराच्या बाजूला दोन घोडे घेऊन राहतोय: भाड्याच्या फार्महाऊसचा चौदा महिन्यांचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, वीकएंडला पार्टीसाठी फार्महाऊस शोधत असाल तर हा रिव्ह्यू तुमच्या कामाचा नाही. ज्यांच्याकडे घोडा आहे आणि घोड्यासकट डोंगरात राहायला जायचंय त्यांच्यासाठी लिहितोय, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा असं काही वाचायलाच मिळालं नाही, जो तो सूर्यास्ताचे फोटो टाकतो पण मे महिन्यात विहिरीला किती पाणी राहतं ते कोणी लिहीत नाही.

आम्ही इंदूरचे, तीन पिढ्या रामबागेत. तारा आमची नऊ वर्षांची कुमैत (तांबूस अंग, काळी आयाळ) काठियावाडी घोडी आणि पवन एकोणीस वर्षांचा मारवाडी. दोघं बायपासजवळच्या एका तबेल्यात ठेवलेले होते, महिन्याला एका घोड्याचे अकरा हजार. माणसं वाईट नव्हती तिथली, पण जमीन आपली माळव्याची काळी चिकण. पावसात गोठाभर चिखल, आणि ती माती अशी चिकटते की खुराच्या तळाला डबा लावल्यासारखं होतं, आत हवाच जात नाही. एका जुलैत ताराचा पुढचा उजवा खूर उचलून साफ करायला घेतला तर आतून काळं पाणी आणि असा कुजका वास, की मला दोन मिनिटं बोलवेना. खुराच्या तळाचा मऊ भाग सडायला लागला होता. तिथे सांगितलं तर म्हणाले पावसात सगळ्यांचंच होतं. दीड महिना रोज धुवायचं, कोरडं करायचं, औषध भरायचं. त्याच दिवसांत बायकोला म्हटलं की आता आपण डोंगराकडे जाऊ, आणि ती म्हणाली मग आपणही तिथेच राहू, रोज चाळीस किलोमीटर कोण येजा करणार.

लोकांनी हिमाचल सुचवलं. तिथे स्पितीत चामुर्थी जातीचा घोडा आहे, लडाखला झांस्करी आहे, ती जनावरं त्या थंडीतच घडलेली. आमची पातळ कातडीची, बारीक केसांची, त्यांना तिकडे नेणं मला पटलं नाही. आणि आपला विंध्य काही अगदी टेकडी नाही हो, जानापाव साडेआठशे मीटरच्या वर आहे, माथेरान साधारण आठशे मीटर, आणि इंदूर साडेपाचशे. तीनशे मीटर चढलो की हवेत दोन डिग्रीचा फरक पडतो, खरा फरक वाऱ्याचा, तो मे महिन्यात संध्याकाळी पाचनंतर जाणवतो.

पहिली जागा बघितली ती अगदी डोंगराच्या धारेवर. दोन्हीकडे दरी, ब्रोकर म्हणाला असा व्ह्यू अख्ख्या जिल्ह्यात नाही, आणि खरंच नव्हता. पण विचार करा, जानापावला चंबळ उगम पावते, धारेच्या उत्तरेचं पाणी चंबळकडे जातं आणि दक्षिणेचं नर्मदेकडे, मग माथ्यावर उरतं काय? खाली काळा पाषाण, त्यात भेगा असतील तिथेच पाणी. बोअर चारशे फूट आहे आणि बारमाही आहे असं छातीठोक सांगितलं होतं, आम्ही मुद्दाम मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी गेलो, मोटर चालू करायला लावली तर सात मिनिटांत पाइप हवा ओकायला लागला. एक घोडा उन्हाळ्यात दिवसाला चाळीस लिटर सहज पितो, शिवाय अंग धुणं, तबेला धुणं, आपली माणसं. टँकर लावू म्हणाले. टँकरच्या पाण्याला प्लास्टिकचा वास लागला की तारा तोंड लावत नाही, प्रवासात हे भोगलंय, गूळ विरघळवून पाजायला लागलं होतं.

दुसरी चोरल गावाकडे, खाली खोलगटात. पाणी भरपूर, झाडी सुंदर, पण पावसाचं पाणी तबेल्यातूनच वाहणार हे भिंतीवरच्या ओलीच्या रेघेवरून दिसत होतं. तिथून लगेच निघालो.

तिसरी ही. महू सोडून मानपूरकडे जाताना आत वळलं की उताराच्या मधोमध, ना माथ्यावर ना खोलगटात. तीन खोल्यांचं कौलारू घर, मागे जुना बैलांचा गोठा, अडीच एकर, त्यातलं एक एकर सपाट केलेलं. सगळी जमीन मुरमाची. मी कुदळ मागून चार ठिकाणी खणून बघितलं, वीतभर मातीखाली तांबूस करडा मुरूम लागला आणि जीव भांड्यात पडला. मुरमावर पाऊस पडला की तासाभरात पाय कोरडा. विहिरीत दोरीला दगड बांधून सोडला, २१ मे रोजी सोळा फूट पाणी होतं. घरमालक काका भिलाला समाजाचे, वय सत्तरच्या पुढे, ते शांतपणे बघत होते, मग म्हणाले पूर्वी आमच्याकडेही घोडी होती, गोठ्याचं तोंड पूर्वेला ठेवा, पावसाळ्यात वारा पश्चिमेचा येतो. आम्ही तेच केलं.

भाडं महिन्याला अठरा हजार, म्हणजे दोन घोड्यांच्या तबेल्याच्या भाड्यापेक्षा कमी, आणि आम्ही राहतोही तिथेच. गोठ्याचे दोन खण बारा बाय बारा फुटांचे करून घेतले, छपराची उंची काकांनी स्वतःच्या खर्चाने दोन फुटांनी वाढवून दिली. घोडे हलवण्याआधी दोघांची ग्लँडर्सची रक्ततपासणी केली, तो रोग माणसालाही होतो, नवीन जागी जाताना हे टाळू नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात आलो. तो अख्खा पावसाळा ताराचे चारही खूर कोरडे राहिले. मी रोज सकाळी खूर उचलून वास घ्यायचो, फक्त मातीचा वास. नालबंद दर सहा आठवड्यांनी महूहून येतो, तोही म्हणाला की खुराची वाढ सुधारली आहे.

जागा निवडताना दवाखाना किती लांब आहे ते किलोमीटरमध्ये विचारू नका, रात्री दोन वाजता किती वेळ लागेल ते विचारा. डिसेंबरमध्ये पवन रात्री पुढच्या पायाने जमीन उकरायला लागला, मान वळवून सारखा स्वतःच्या पोटाकडे बघायचा, लीद संध्याकाळपासून नाही. थंडीत घोडे पाणी कमी पितात आणि सुकं गवत आत अडकतं, त्यातून पोटशूळ. गव्हाण रिकामी केली, मोरकी धरून त्याला अंगणात हळूहळू फिरवत राहिलो, बायको कान लावून पोटाचा आवाज ऐकत होती, एका बाजूला काहीच ऐकू येत नव्हतं. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५५ पासूनचं, त्यामुळे त्या भागात घोड्याचं बघणारे डॉक्टर मिळतात. आमचे डॉक्टर चाळीस मिनिटांत पोचले, नळी घातली, पहाटे पाचला पवनने लीद टाकली आणि आम्ही दोघं तिथेच पेंढ्यावर बसून रडलो. चोरलच्या त्या खोलगटात असतो तर गाडी पोचायलाच दोन तास गेले असते. तेव्हापासून थंडीत दोघांना कोमट पाणी देतो.

म्हाताऱ्या घोड्यासाठी एक गोष्ट मला इथे येऊनच कळली. चढ घोडा हौसेने चढतो, त्रास होतो उताराला. घोड्याचं साठेक टक्के वजन तसंही पुढच्या पायांवर असतं, उताराला ते आणखी पुढे येतं, आणि पवनचे गुडघे आता आखडतात. म्हणून तो सपाट एकर आमच्यासाठी सोन्याचा. तारा मात्र उतारावर चरून चरून मागून अशी भरली आहे की जुन्या तबेल्यातला सईस बघायला आला तर ओळखेना.

त्रासही आहेत. पावसाळ्यात गोमाश्या भयंकर, त्यांच्यामुळे सर्रा (रक्तातल्या परजीवीचा ताप) होतो, आम्ही संध्याकाळी कडुलिंबाचा धूर करतो आणि अंगात ताप वाटला की लगेच रक्त तपासतो. बिबट्या आहे या जंगलात, म्हणून रात्री दोघं आतच, दाराला जाळी, बाहेर दिवा. गवताचं नियोजन वर्षाचं करावं लागतं, दिवसाला एका घोड्याला नऊ किलो धरलं तरी दोघांचं साडेसहा टन होतं. दिवाळीच्या सुमारास बीडातलं, म्हणजे राखलेल्या कुरणातलं, गवत कापतात तेव्हाच घेऊन भरून ठेवायचं, आम्ही पहिल्या वर्षी उशीर केला आणि फेब्रुवारीत गव्हाच्या भुशावर दिवस काढावे लागले, दोघांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. साठवायची खोली मात्र इथे छान कोरडी, बुरशी एकदाही लागली नाही. नेट घरात येत नाही, अंगणातल्या आंब्याखाली येतं.

पाचपैकी चार देतोय, आणि एक कापला तो रस्त्यासाठी. मेन रोडपासून गेटपर्यंत सहाशे मीटरचा कच्चा चढ, त्यात एक आखूड वळण, घोड्यांची गाडी तिथे वळत नाही, येताना दोघांना खालीच उतरवून चालवत आणलं. पवनला कधी तातडीने उचलून न्यायची वेळ आली तर काय, हा विचार मला अजून रात्री झोपू देत नाही. काकांना सांगितलं, त्यांनी यंदा पावसाआधी जेसीबी लावून खालचा भाग रुंद करून मुरूम दाबून घेतला. वळणाचा तुकडा दसऱ्यानंतर करू म्हणालेत. तो झाला की पाचवा स्टार इथेच येऊन देईन.