लॉरिआलची मुलींसाठीची विज्ञान शिष्यवृत्ती: अर्ज करावा का, आणि कसा?

बारावी सायन्सचा निकाल लागला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिष्यवृत्त्यांच्या लिंका फिरू लागतात. त्यातल्या ज्या मोजक्या अर्जांवर मेहनत घ्यावी, त्यात लॉरिआल इंडियाची ‘फॉर यंग विमेन इन सायन्स’ आम्ही बरीच वर ठेवू. सौंदर्यप्रसाधनांच्या या कंपनीने युनेस्कोबरोबर महिला शास्त्रज्ञांसाठीचा जागतिक उपक्रम १९९८ मध्ये सुरू केला. भारतातली ही शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. रक्कम अडीच लाख रुपयांपर्यंत. एकरकमी नाही, पदवीच्या काळात हप्त्यांनी, शिक्षणाच्या खर्चासाठी. बीएस्सी, इंजिनीअरिंग, मेडिकल, फार्मसी सगळं चालतं.

अलीकडच्या जाहिरातींतल्या अटी अशा: यंदाच बारावी उत्तीर्ण, पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) किंवा पीसीबीला (गणिताऐवजी जीवशास्त्र) किमान ८५ टक्के, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांच्या आत. आपल्या बोर्डात या तीन विषयांचे ३०० गुण धरले तर २५५ हवेत. भाषेतल्या भरघोस गुणांनी एकूण टक्केवारी ८७ झाली, म्हणून निर्धास्त राहू नका. तीन विषयांची बेरीज वेगळी करून पाहा. सीईटीच्या पर्सेंटाइलने ही अट भागत नाही.

‘यंदाच उत्तीर्ण’ ही अट आम्हाला पटत नाही. नीटसाठी एक वर्ष थांबलेली मुलगी तिथेच बाद होते, आणि खाजगी मेडिकल कॉलेजची फी भरताना मदतीची सर्वाधिक गरज अनेकदा तिलाच असते. पुढल्या वर्षी बघू, असं म्हणणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं.

बहुतेक अर्ज अडतात ते कागदपत्रांत. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. तो ‘आपले सरकार’ किंवा सेतू केंद्रातून मिळतो. सेवा हक्क कायद्याने मुदत १५ दिवसांची आहे, पण निकालानंतर सगळा जिल्हा तिथेच रांगेत असतो, आणि तलाठ्याचा अहवाल राहिला की अर्ज परत येतो. म्हणून एप्रिलमध्येच काढा. मार्चमध्ये काढलात तर ३१ मार्चला त्याची मुदत संपून सगळी खटपट पुन्हा. आई-वडील दोघांचं उत्पन्न आणि शेतीचं उत्पन्नही त्यात धरलेलं असावं.

दुसरी अडचण नावाची. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव; आधारवर आडनाव शेवटी. नुसता क्रम वेगळा असेल तर सहसा निभावतं, पण स्पेलिंगमधलं एक जादा अक्षर तपासणीत अडकतं. फॉर्ममध्ये गुणपत्रिकेप्रमाणे लिहा आणि आधार आधीच दुरुस्त करून घ्या.

बँक खात्याकडे तर कुणी बघतच नाही. शाळेत असताना काढलेलं खातं पूर्ण केवायसी नसलेलं ‘स्मॉल अकाउंट’ असू शकतं. त्यात वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त रक्कम जमा होत नाही आणि शिल्लक ५० हजारांवर जाऊ शकत नाही. मोठा हप्ता आला की तो परत जातो. मुलीला १८ पूर्ण झाली की शाखेत जाऊन केवायसी करून घ्या आणि खातं तिच्या एकटीच्या नावाचं असू द्या.

महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ आहे. ही सवलत मिळत असेल तर अर्जात लपवू नका. वसतिगृह, मेस, पुस्तकं यांचा खर्च शिष्यवृत्तीत बसतो का, ते आधी विचारून घ्या.

अर्जाला पैसे लागत नाहीत. ‘प्रोसेसिंग फी’ मागणारा फोन आला तर तो ठेवून द्या.

पहिल्या छाननीत निवडलेल्या मुलींची मुलाखत होते आणि निकाल तिथेच ठरतो. ‘मला समाजासाठी काहीतरी करायचं आहे’ हे उत्तर प्रत्येकीचंच असतं. त्याऐवजी यवतमाळची मुलगी म्हणू शकते: ‘आमच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात. स्वस्तात फ्लोराइड काढायची पद्धत मला शिकायची आहे, म्हणून रसायनशास्त्र.’ त्यावर पुढचा प्रश्न येणारच: फ्लोराइड दातांवर नेमकं काय करतं, पाण्यात किती मिलिग्रॅम चालतं? भारतीय मानकात एका लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. जो विषय निवडाल, त्यातलं इतपत तरी तोंडावर हवं. इंग्रजी अडखळलं तर ‘हिंदीत सांगू का?’ असं सरळ विचारा.