शेजारच्या टेबलावरून येणारा घामाचा वास : गप्प बसावं, सुचवावं, सांगावं की वर कळवावं?

तुम्ही हे वाचताय म्हणजे निम्मे उपाय करून झाले असणार. खुर्ची दोन वीत सरकवून झाली, पंख्याचं तोंड फिरवून झालं, 'तिकडे शांत असतं' म्हणत लॅपटॉप घेऊन मीटिंग रूममध्ये बसून झालं. वास आहे तिथेच आहे. आता तोंड उघडायचं का आणि कुणापाशी, एवढाच प्रश्न उरलाय.

माझं मत आधीच सांगतो. बहुतेक वेळा स्वतः, एकट्याने आणि एकदाच सांगणं सगळ्यात बरं. हे मी सांगणाऱ्याच्या नाही, ऐकणाऱ्याच्या अनुभवावरून म्हणतोय.

काही वर्षांपूर्वीचा जुलै. कपडे घरातच दोरीवर टाकलेले. वाळत कसले, नुसते लटकत. सकाळी इस्त्री फिरवली की कोरडे वाटायचे. मग कल्याणहून लोकल, घाम, पाऊस, आणि त्यावर ऑफिसचा एसी. एका दुपारी टपरीवर कटिंग घेताना एक सहकारी हळूच म्हणाला, "राग मानू नकोस, पण आठवडाभर तुझ्या शर्टाला कुबट वास येतोय. पावसात आमच्या पोराच्या युनिफॉर्मचंही असंच होतं." कान तापले. चहा संपेपर्यंत मी त्याच्याकडे बघितलं नाही. पण खरं लागलं ते वेगळंच. त्याआधी दोघं जण माझ्या शेजारची जागा सोडून गेले होते आणि मी ते 'खिडकीजवळ रेंज चांगली येते' म्हणून मान्य केलं होतं.

म्हणून गप्प बसणं हा सभ्य पर्याय आहे असं मला वाटत नाही. 'त्याला स्वतःला कळत नाही का?' असं आपण म्हणतो. खरंच कळत नाही. नाकाला सततच्या वासाची सवय होते आणि मेंदू तो मोजणंच सोडतो. तुम्ही गप्प राहता तेव्हा बाकीचे गप्प नसतात, महिनाभरात त्या माणसाला टोपणनाव पडलेलं असतं. माणूस दोन आठवड्यांसाठीच आलेला असेल, किंवा एखाद्या दिवशी धावतपळत गाडी पकडून आला असेल, तर मात्र सोडून द्या.

आडून सुचवणं गप्प बसण्यापेक्षाही वाईट. आमच्याकडे एकदा नाताळच्या भेटवस्तूंच्या निमित्ताने एकाला डिओ दिला गेला. सगळ्यांना वाटलं, इशारा पोचला. गड्याला वाटलं, छान सेंट मिळाला. दुपारी चार वाजता, घामेजलेल्या शर्टावरून त्याने तो फवारला. त्यानंतरचा तास दोन्ही वासांचा होता. डिओ वास झाकतो, घाम थांबवत नाही. घाम कमी करायला अॅल्युमिनियमचे क्षार असलेलं अँटीपर्स्पिरंट लागतं, आणि ते रात्री झोपताना कोरड्या त्वचेला लावलं तर जास्त उपयोगी पडतं. एवढी माहिती इशाऱ्यात मावत नाही. निनावी चिठ्ठीचं तर नावच नको. ती लिहिणारा एक असतो, संशय मात्र बारा जणांवर जातो.

आता सांगणं. वेळ दिवस संपतानाची निवडा. मला चहाच्या वेळी कळलं, त्यामुळे उरलेले चार तास मी काखा आवळून टायपिंग केलं. दोघंच असा आणि उभ्याउभ्या बोला. शब्द साधे : "एक सांगायचं होतं. मला असं काही असतं तर कुणीतरी सांगावं असं वाटलं असतं. काही दिवस घामाचा वास येतोय." एवढंच. 'सगळे म्हणतात' हे चुकूनही नको, तिथे माणूस मोडतो. 'आंघोळ करत जा' हेही नको, कारण तो बहुधा करतच असतो. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. काखेतल्या ग्रंथींतून येणारा स्राव तिथले जिवाणू फोडतात, त्यातून दर्प तयार होतो. पॉलिएस्टर तो सुतीपेक्षा जास्त धरून ठेवतं, त्यामुळे धुतलेला शर्टही अंग तापलं की पुन्हा बोलू लागतो. आणि शरीरंही सारखी नसतात : एबीसीसी११ नावाच्या जनुकातल्या एका बदलामुळे कोरियातल्या बहुतेकांच्या काखेला फारसा वासच येत नाही. त्यात त्यांच्या साबणाचं काही कर्तृत्व नाही.

खाण्यावर तर अजिबात जाऊ नका. आपल्याकडे ताटावरून जातीवर घसरायला एक वाक्य पुरतं. डब्यातल्या सुकटीचा मायक्रोवेव्हमधला वास ही वेगळी तक्रार आहे, ती या बोलण्यात मिसळू नका.

निदानही करू नका. अति घामाचा त्रास असतो, माशासारखा वास येणारा ट्रायमिथायलअमिन्युरिया नावाचा दुर्मीळ आजार असतो, अंगाचा वास अचानक बदलला तर आत काही बिघडलेलं असू शकतं. तो स्वतः म्हणाला की 'सगळं करून बघितलं', तर त्वचारोगतज्ज्ञाचं नाव काढा, आधी नाही.

मॅनेजर किंवा एचआरकडे कधी जायचं? समोरचा तुमचा वरिष्ठ असेल, आधीच तुमचं वाजलेलं असेल, किंवा एकदा सांगून महिना लोटला असेल तर. तुम्ही बाई आणि तो पुरुष, किंवा उलट, असं असेल तर त्याच्या मैत्रीतल्या एखाद्याला बोलायला लावणं एचआरपेक्षा सोपं पडतं. पण एकालाच, तिघांनी मिळून ठरवलं की त्याची सभा होते. वर जाण्याची किंमत अशी की गोष्ट नात्यातून उठून कारभारात जाते. त्यातून 'वैयक्तिक स्वच्छतेबाबत' अशी सगळ्यांना मेल निघते. ज्याच्यासाठी ती असते तो वाचून पुढे जातो आणि तीन स्वच्छ माणसं दिवसभर स्वतःच्या कॉलरी हुंगत बसतात. म्हणून तक्रार करतानाच अट घाला : मेल नको, त्याच्याशी एकट्याशी बोला.

सांगून झाल्यावरचा दुसरा दिवस सांगण्याइतकाच अवघड असतो, आणि तो तुमच्या हातात असतो. मी दुसऱ्या दिवशी पंख्याखाली रात्रभर वाळवलेला सुती शर्ट घालून, मान खाली घालून आलो. चारला त्याने लांबूनच हाक मारली, "चल रे, कटिंग." शर्टाबद्दल अक्षर नाही. पैसे मात्र त्या दिवशी मी दिले.