नेरूळचं जुनं घर नीट करून घ्यावं की तळोज्यात नवं?

नेरूळ-सानपाड्यात जुन्या चार मजली इमारतीतलं वन-आरके, नाहीतर तळोज्यात सिडकोच्या टॉवरमधलं नवंकोरं घर. नवी मुंबईत पहिलं घर घेणाऱ्या अनेकांपुढे आज हेच दोन पर्याय आहेत. किंमत, हप्ता, स्टेशनचं अंतर हे सगळेच बघतात. मे महिन्यात घर किती तापेल हे फारसं कुणी बघत नाही, आणि बेताच्या पगारात त्याचाच भुर्दंड दर महिन्याच्या बिलात बसतो.

आधी भिंत बघा. जुन्या इमारतीची बाहेरची भिंत बहुधा नऊ इंची विटेची असते. नव्या टॉवरची बहुतेकदा काँक्रीटची, मिवान म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात जागेवर ओतलेली किंवा प्रीकास्ट, म्हणजे आधीच ओतून आणून जोडलेली. बामणडोंगरीला २०२२ मध्ये सिडकोची ९६ घरांची इमारत ९६ दिवसांत उभी राहिली, ती प्रीकास्टमुळेच. हा वेग आणि ही मजबुती खरीच आहे. पण सहा इंची काँक्रीटमधून नऊ इंची विटेच्या भिंतीपेक्षा जवळजवळ दुप्पट उष्णता आत येते. एएसी ब्लॉकची (हवेच्या बारीक छिद्रांच्या हलक्या सिमेंटी विटांची) भिंत असेल, तर विटेच्याही निम्म्याहून कमी येते. त्यामुळे टाइल्स कुठल्या हे विचारण्याआधी भिंत कशाची आहे ते विचारा. काँक्रीटची भिंत फोडून खिडकी मोठी करणं पुढे जमत नाही, म्हणजे जे मिळेल तेच कायमचं.

खिडकीचा मुद्दा तर आपल्या दमट हवेत सगळ्यात मोठा. इथे कूलर उपयोगाचा नाही, वारा आरपार गेला पाहिजे. घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्राने केलेल्या २०१८ च्या इको निवास संहितेत उष्ण-दमट भागासाठी साधं माप दिलंय: उघडणाऱ्या खिडक्या-झडपांचं क्षेत्र घराच्या चटई क्षेत्राच्या किमान एक षष्ठांश हवं. तीनशे चौरस फुटांच्या घराला पन्नास चौरस फूट. सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते, म्हणून तिचं मापही निम्मंच धरायचं. टेप घेऊन जा आणि मोजा. जुन्या इमारतीत एका मजल्यावर घरं कमी, त्यामुळे दोन बाजूंना खिडक्या मिळण्याची शक्यता जास्त. टॉवरमध्ये मधल्या लांब पॅसेजच्या दोन्हीकडे घरं असतील, तर हवा एकाच बाजूने येते आणि तिथेच अडते. तळोज्यात आणखी एक अडचण आहे. एमआयडीसीकडचा रासायनिक वास रात्री येऊ लागला, की असलेल्या खिडक्याही लावून घ्याव्या लागतात. घर बघायला एकदा रात्री दहानंतर जरूर जा.

जुन्या घरात मात्र आधीच्या मालकाने गॅलरी आत घेतलेली असते. शंभरातल्या नव्वद वेळा तरी! चार हात जागा वाढते, पण सावली जाते आणि वारा अडतो. नूतनीकरणाचा पहिला खर्च ती गॅलरी पुन्हा मोकळी करण्यावर करा, असं मी ठामपणे सांगेन. मग पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून छज्जा किंवा बांबूच्या काड्यांचा पडदा. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो, तोवर उशीर झालेला असतो.

जुन्यात सगळ्यात वरचा मजला स्वस्तात मिळतो, त्याचं कारण स्लॅब. उघड्या स्लॅबमधून येणारी उष्णता इको निवास संहितेच्या मर्यादेच्या तिपटीच्या आसपास असते. उष्णतारोधक थर घालून वर कोबा आणि पांढरे चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सचे तुकडे), किंवा निदान उष्णता परतवणारा पांढरा रंग, हा उपाय आहे. पण गच्ची सोसायटीची. सर्वसाधारण सभेत ठराव झाल्याशिवाय काही हलत नाही, म्हणून टोकन देण्याआधी सेक्रेटरींना भेटा. त्याच भेटीत सौर पॅनेलचंही विचारा. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक विजेसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे आणि एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट गच्ची लागते. चार मजल्यांच्या इमारतीत प्रत्येक घराच्या वाट्याला येणारी गच्ची टॉवरपेक्षा कितीतरी मोठी असते, हा जुन्याचा दडलेला फायदा.

हे सगळं इमारत धडधाकट असेल तरच. खाडीची खारी हवा सळ्यांना गंज चढवते. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी, त्यापुढे दर तीन वर्षांनी करायचं असतं. तो अहवाल मागा. तो दाखवायला टाळाटाळ झाली किंवा सोसायटीत पुनर्विकासाच्या बैठका सुरू असतील, तर नूतनीकरणात पैसा घालू नका. अशा वेळी तळोजाच बरं: इमारत नवी, लिफ्ट आहे आणि नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर-पेंधर मेट्रोही आहे. पाण्याची मात्र खात्री करून घ्या.

माझा कौल असा: ऑडिट स्वच्छ असेल आणि मधला मजला मिळत असेल, तर थोडं कर्ज वाढलं तरी जुनं घ्या. वरचा मजला गच्चीचा ठराव झाल्यावरच. घर कुठलंही असो, पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे लावा. ७५ वॉटऐवजी ३० वॉट. तीन पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला ४५-५० युनिट वाचतात. महावितरणचा दर शंभर युनिटनंतर चढतो, तेव्हा एवढ्यानेही बिल खालच्या टप्प्यात राहू शकतं.

नवंच घ्यायचं ठरलं, तर ऑक्टोबर २०२४ च्या २६ हजार घरांच्या योजनेत सिडकोने पसंतीक्रम देण्याची सोय केली होती हे लक्षात ठेवा. पुढेही तशी सोय मिळाली, तर मजल्याच्या आकड्याआधी नकाशावर दिशा बघा. पश्चिमेकडची घरं आणि शेवटचा मजला यादीत अगदी खाली टाका.