टीपीएनवरचा रुग्ण, ऑपरेशन थिएटर आणि स्टॅटस्ट्रिप ग्लुकोमीटर

आमच्या थिएटरमध्ये पूर्वी घरगुती वापराचाच ग्लुकोमीटर असे. शिरेतून टीपीएन (ग्लुकोजसह संपूर्ण पोषण देणारे द्रावण) चालू असलेल्या रुग्णाला भूल देताना त्याच्या आकड्यावर विसंबणे मला नेहमीच जड जाई. अशा रुग्णांचे हिमोग्लोबिन बहुधा कमी असते आणि हिमॅटोक्रिट (रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण) उतरले की साधा मीटर साखर खरीपेक्षा जास्त दाखवतो. त्या आकड्यावर इन्सुलिन वाढवून साखर खाली गेली, तर भुलीखालचा रुग्ण ना घाबरे झाल्याचे सांगू शकतो, ना भूक लागल्याचे.

नोव्हा बायोमेडिकलचा स्टॅटस्ट्रिप हा खास रुग्णालयांसाठी बनवलेला मीटर ही अडचण बरीच दूर करतो. त्याची पट्टी हिमॅटोक्रिट वेगळे मोजून आकडा दुरुस्त करते, आणि १.२ मायक्रोलिटर रक्तावर ६ सेकंदांत निकाल मिळतो. अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या संस्थेने) २०१४ मध्ये अत्यवस्थ रुग्णांसाठी त्याला मान्यता दिली, ती धमनी आणि शिरेतल्या रक्तापुरती. बोटातल्या रक्तासाठी २०१८ उजाडले. रक्तदाब राखण्याची औषधे चालू असताना बोटे गार पडतात, त्यामुळे मी आजही धमनीतलेच रक्त वापरतो.

मात्र थेंबच चुकीचा असेल तर मीटर तरी काय करणार? आतड्याच्या एका शस्त्रक्रियेत अचानक ४१२ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) हा आकडा आला. इन्सुलिन भरायला घेतले, तेवढ्यात लक्षात आले की नमुना सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या) शेजारच्या लुमेनमधून, म्हणजे टीपीएनलगतच्या मार्गातून, टीपीएन न थांबवता, ओढलेला होता. धमनीतून पुन्हा घेतला तेव्हा १६८! धमनीची लाइनही साध्या सलाइननेच फ्लश केलेली हवी, डेक्स्ट्रोजने (ग्लुकोजच्या द्रावणाने) नव्हे.

दर तासाला, आणि इन्सुलिन चालू असल्यास अर्ध्या तासाला तपासणी करून १४० ते १८० च्या दरम्यान साखर राखायला हा मीटर पुरेसा आहे. टीपीएनची पिशवी मध्येच संपली आणि त्याच वेगाने १० टक्के डेक्स्ट्रोज जोडले, तर साखरेची पुढची घसरणही तो वेळेवर दाखवतो. उणीव एकच, पण लहान नाही: इन्सुलिनबरोबर पोटॅशियमही खाली जाते आणि ते या पट्टीवर कळत नाही. त्यामुळे लांबलेल्या शस्त्रक्रियेत मी अधूनमधून एक नमुना एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी करणाऱ्या) यंत्रावर पाठवतोच.