‘ओव्हरक्लॉक करून देतो’ म्हणत झिजलेला प्रोसेसर गळ्यात मारला

₹१,३८,५०० मोजले मी त्या कॉम्प्युटरचे. त्यात प्रोसेसरचे ४६,००० आणि वर ‘ट्यूनिंग’चे, म्हणजे ओव्हरक्लॉक करून चिप ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवायचे, ७,५०० वेगळे. लग्नांचे व्हिडिओ एडिट करून घर चालवते मी, हौसेसाठी घेतलं नव्हतं. इंटेलचा कोअर आय९-१४९००के प्रोसेसर, त्यातले सगळे मोठे कोर ५.८ गिगाहर्ट्झवर, तापमान ७५ अंशांच्या आत, असं पुण्यातल्या त्या दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं.

दुकानात त्यानं सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी, चालवून दाखवली. शेजारी तापमानाची खिडकी उघडी, पण ‘कमाल’ हा रकाना त्यानं पार कडेला सारलेला. मी विचारलं, तो आकडा का दिसत नाही? “ताई, तो सेन्सरचा घोळ असतो, आत्ताचा आकडा बघा.” आत्ताचा! चाचणी थांबली की चिप काही सेकंदांत थंड होते. तिथेच उठून यायला हवं होतं. आठवलं की अजून डोकं तापतं. पण मी विचारलं होतं. समोरचा माणूस अनेक वर्षं याच धंद्यात आहे म्हणत होता, त्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर?

महिन्याभरात मुलाचा गेम ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ म्हणत बंद पडायला लागला. मग झिप फाइल उघडताना एरर, मग रेंडर अर्ध्यावर. दुकानदारानं ग्राफिक्स कार्डावर ढकललं आणि ‘सर्व्हिसिंग’चे ३,२०० घेतले. कार्डाची मेमरी अर्धीसुद्धा भरत नव्हती! या पिढीचे प्रोसेसर झिजले की नेमकी हीच लक्षणं दिसतात. चढ्या व्होल्टेजमुळे ते झिजतात हे इंटेलनं २०२४ मध्ये मान्य केलं, आणि ऑगस्टमध्ये नवा मायक्रोकोड (बायॉसमधून चिपला मिळणाऱ्या आतल्या सूचना) काढून चिप मागते त्या व्होल्टेजला १.५५ व्होल्टची वेस घातली. माझ्या मशीनमधलं बायॉस, म्हणजे मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, त्याच्याही आधीचं. बायॉसची तारीख बघितल्याशिवाय मशीन उचलू नका.

भाच्यानं आत बघितलं तर व्होल्टेज १.४८ वर कायमचं बांधलेलं, वीज खेचण्याची २५३ वॉटची मर्यादा उडवलेली, तापमानाची मर्यादा १०० वरून ११५ अंशांवर नेलेली. कमाल रकान्यात १०७.

हे ओव्हरक्लॉकिंग नव्हतंच. आधीच कुणीतरी वापरून झिजवलेली चिप नेहमीच्या व्होल्टेजवर तग धरत नव्हती, म्हणून व्होल्टेज चढवून तिला उभं केलं आणि त्याचेच वर पैसे लावले. व्होल्टेज दहा टक्के वाढवलं की त्याच वेगाला उष्णता साधारण एकवीस टक्के वाढते, आणि चिप आणखी झिजते. आता ती ५.२ गिगाहर्ट्झवर उतरवली तरच चालते. कूलर काढल्यावर कळलं, चिपवरचा नंबर आणि खोक्यावरचा नंबर वेगळा. चिप ट्रेमधली, म्हणजे कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना खोक्याविना घाऊक विकतात तसली, खोकं दुसऱ्याच चिपचं. इंटेलनं या पिढीच्या बॉक्सवाल्या प्रोसेसरची वॉरंटी तीनाची पाच वर्षं केली, पण ट्रेवाल्यासाठी दाद मागायची ती विकणाऱ्याकडेच. म्हणजे चोराकडेच! बिलावर नुसतं ‘असेंबल्ड पीसी’. सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या, नाही म्हणाला तर पैसे खिशात ठेवा.

चौकीत गेले. “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली, दिवाणी बाब आहे.” सायबरवाल्यांकडे गेले तर, “दुकानात जाऊन घेतलंय, ऑनलाइन कुठे आहे?” मी स्क्रीनशॉट छापून नेले होते, एकानंही कागद हातात घेतला नाही. साहेब बंदोबस्ताला, उद्या या. उद्या गेले तर दुसरेच साहेब, पुन्हा पहिल्यापासून सांगा. “ताई, कॉम्प्युटर गरम होणारच की,” असं एक हवालदार हसत म्हणाला. ५६,७०० रुपये गेलेल्या बाईला हसता तुम्ही? मोबाइल चोरीला गेला असता तर निदान अर्ज तरी घेतला असता.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, हे चौकीत कुणी सांगितलं नाही. दुकानदारानं सर्व्हिसिंगला मशीन पुन्हा मागितलं तर देऊ नका, सेटिंग पुसून टाकेल. आधी बायॉसचे फोटो काढा. पुण्यात असंच ‘ट्यून केलेलं’ मशीन कुणी घेतलं असेल तर आज कूलर काढून नंबर जुळवून बघा. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते.